हरित इमारतींचे मानांकन : मोजमाप आणि खर्च

मे महिन्यातील एका दुपारी जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका जुन्या बंगल्यात बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर गेला होता. आत मात्र उंच छताखाली एक पंखा मंद फिरत होता आणि तेवढ्याने भागत होते. घराच्या वृद्ध मालकीणबाईंनी टेबलावर एक चकचकीत पत्रक ठेवले. त्यांचा बंगला पाडून तेथे सहा मजली इमारत उभारण्याची इच्छा एका बांधकाम व्यावसायिकाने दर्शविली होती, आणि नियोजित इमारतीस 'हरित सुवर्ण मानांकन' मिळणार असल्याचे पत्रकात ठळक अक्षरांत छापले होते. "तुम्ही शास्त्राची पुस्तके मराठीत करता ना," बाई म्हणाल्या, "मग एवढे सांगा : हे सुवर्ण म्हणजे काय, ते कोण देतो, आणि त्याचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात?"

त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. पुढे सवडीने अभ्यास केल्यावर जे हाती आले ते शाळांतील विद्यार्थ्यांस व ग्रंथालयांच्या वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडले आहे.

संहिता, मानक आणि मानांकन

वर्तमानपत्रांतून हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले आढळतात. अनुवादकास असे करून चालत नाही, कारण या शब्दांच्या घोटाळ्यातच विषयाचा निम्मा घोटाळा दडलेला आहे. संहिता म्हणजे कायद्याने घालून दिलेला किमान नियम. मानक म्हणजे मोजण्याची ठरलेली पट्टी आणि तिच्यावरील ठरलेली खूण. मानांकन म्हणजे त्या पट्टीवर एखादी इमारत कोठवर पोहोचली याविषयी त्रयस्थ संस्थेने दिलेला दाखला. आणि हा दाखला मालकाने आपण होऊन, शुल्क भरून मागावयाचा असतो. संहिता मोडली तर परवानगी अडू शकते. मानांकन घेतले नाही तर सामान्यतः काहीच अडत नाही.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला आणि त्यान्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. या ब्यूरोने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध केली व २०१७ साली ती सुधारून अधिक कडक केली. ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे : ज्यांचा जोडलेला विद्युत्भार १०० किलोवॅट अथवा करारातील मागणी १२० किलोव्होल्ट-अँपिअर किंवा त्याहून अधिक आहे, अशा इमारतींसाठी. राहत्या घरांसाठी 'इको-निवास संहिता' हे वेगळे पुस्तक २०१८ साली निघाले. २०२२ साली मूळ कायद्यातच दुरुस्ती होऊन संहितेच्या कक्षेत ऊर्जेबरोबर इमारतीच्या टिकाऊपणाच्या इतर बाजूही आल्या. तथापि केंद्राने संहिता लिहिली म्हणून ती गावोगाव लागू होत नाही. राज्याने ती स्वीकारावी लागते, आणि नकाशे मंजूर करणाऱ्या नगरपालिकेने ती वाचावी लागते.

या संहितांनी देशाचे पाच हवामान-विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण, थंड आणि मिश्र. जबलपूर मिश्र विभागात येते. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा विभाग सर्वांत अवघड म्हणावयास हरकत नाही, कारण येथे एकाच वर्षात तीन निरनिराळ्या मागण्या पुऱ्या कराव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये कोरडा उष्मा असतो. तेव्हा दारे-खिडक्या बंद ठेवून जाड भिंतींच्या आश्रयास जाणे शहाणपणाचे. पावसाळ्यात हवा दमट होते. तेव्हा त्याच खिडक्या सताड उघड्या असाव्या लागतात. हिवाळ्यात रात्री कडाक्याच्या असतात व उन्हाचे स्वागत होते.

भिंत, छत आणि सूर्य

मानकांचा गाभा समजण्यासाठी एकच संज्ञा नीट समजून घेतली तरी पुष्कळ झाले. तिला उष्णतासंक्रमणांक म्हणू. भिंतीच्या अथवा छताच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असता तिच्या एक चौरस मीटर भागातून दर सेकंदास जितकी उष्णता पलीकडे जाते, तो हा अंक होय. तो वॅटमध्ये मोजतात. अंक जितका लहान, तितका उष्णतेस अडथळा अधिक.

उघड्या काँक्रीटच्या साध्या छताचा हा अंक साडेतीनच्या आसपास असतो. इको-निवास संहितेने छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे. या दोन आकड्यांतील अंतर किती मोठे आहे ते पाहा. समजा, १०० चौरस मीटरचे छत आहे, आणि उन्हाने तापलेल्या वरच्या बाजूचा प्रभाव धरून आत-बाहेर २० अंशांचा फरक आहे. पहिल्या छतातून ३.५ × १०० × २० म्हणजे ७,००० वॅट उष्णता आत येईल, दुसऱ्यातून २,४००. फरक ४,६०० वॅटचा. बाजारात ज्याला 'एक टनाचे' वातानुकूलन यंत्र म्हणतात ते सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढते. (हा टन वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ एका दिवसात वितळण्यास जितकी उष्णता लागते त्या वेगाचे ते नाव आहे. बर्फाच्या लाद्यांनी खोल्या थंड करण्याच्या काळाची ही खूण यंत्रावर अजून राहिली आहे.) म्हणजे छताला नीट आच्छादन न घालणारा मनुष्य सव्वा टनाहून मोठे एक यंत्र केवळ छताची चूक निस्तरण्यासाठी चालवीत असतो.

भिंती व खिडक्या यांसाठी त्याच संहितेत आणखी एक एकत्रित माप आहे. इमारतीच्या उभ्या आवरणातून आत येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॅटहून अधिक नसावी, असा तो नियम. शिवाय वायुवीजनासाठी मिश्र हवामानात उघडता येण्याजोग्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान साडेबारा टक्के असावे असेही सांगितले आहे. अशा अटी वाचल्या म्हणजे एक गंमत लक्षात येते. संहिता लिहिणाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने जे सिद्ध केले, त्यातील बरेचसे जुन्या गवंड्यास ठाऊक होते.

सिव्हिल लाइन्स ही इंग्रजी अमलातील मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती. १८७० साली मुंबईचा व कलकत्त्याचा लोहमार्ग जबलपूर येथे जोडला गेला आणि या वस्तीचे महत्त्व वाढले. तेथील जुने बंगले दीड हात जाडीच्या भिंतींचे, उंच छताचे, भोवती रुंद व्हरांडे असलेले. जाड भिंत दुपारची उष्णता आपल्यात साठविते आणि ती आतल्या बाजूस पोहोचण्यास सुमारे अर्धा दिवस लागतो. तोवर बाहेर रात्र होऊन खिडक्या उघडावयाची वेळ झालेली असते. छताजवळच्या लहान झरोक्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. दारांवर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले की कोरडा वारा गार होऊन आत येतो. यांतील कोणत्याही गोष्टीस विजेचे बिल येत नाही.

सूर्याचा हिशेब तर शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. जबलपूरचे अक्षांश सुमारे २३ अंश १० कला उत्तर. कर्कवृत्त शहराच्या उत्तरेस अवघे तीस किलोमीटर. म्हणून जूनच्या मध्यास भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेकडील भिंतीस त्याचा स्पर्शही होत नाही. उलट २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून केवळ ४३ अंश उंचीवर असतो. आता दक्षिणेकडील १२० सेंटीमीटर उंच खिडकीवर, अगदी तिच्या माथ्याशी, ६० सेंटीमीटर पुढे आलेला छज्जा आहे असे धरा. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्याची उंची सुमारे ६७ अंश असते व छज्जाची सावली १४० सेंटीमीटर खाली उतरते. अर्थात खिडकी पूर्णपणे सावलीत. डिसेंबरात तीच सावली ५७ सेंटीमीटरवर थांबते आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन घरात येते. एक साधी फळी वर्षभर आपण होऊन योग्य तेच करीत राहते. पश्चिमेस मात्र हा छज्जा निरुपयोगी. संध्याकाळचा सूर्य त्याच्या खालून आत शिरतो. तेथे व्हरांडा हवा, उभे पडदे हवेत, किंवा झाड हवे. पत्रकातील चित्रात नव्या इमारतीची पश्चिमेची बाजू सगळी काचेची होती.

मानांकनाची पट्टी

आता मानांकनाकडे वळू. या पद्धतीचा आरंभ १९९० साली ब्रिटनमध्ये 'ब्रीम' या नावाने झाला. अमेरिकेत १९९३ साली हरित इमारत परिषद स्थापन झाली आणि तिने 'लीड' ही पद्धत रूढ केली. भारतीय उद्योग महासंघाच्या आश्रयाखाली भारतीय हरित इमारत परिषद २००१ साली स्थापन झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीस २००३ साली लीडचे 'प्लॅटिनम' हे सर्वोच्च मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर ते मिळविणारी ती पहिली इमारत होय. याशिवाय टेरी या संस्थेने केंद्रीय अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाबरोबर 'गृह' ही देशी पद्धत तयार केली व २००७ साली तिला राष्ट्रीय मानांकन पद्धतीचा दर्जा मिळाला. नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असले तरी त्यातून आपला शब्द साधला गेला, हे अनुवादकास सुखावणारे आहे. गृहमध्ये एक ते पाच तारे दिले जातात. पहिले पंचतारांकित मानांकन कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील पर्यावरणशास्त्र केंद्राच्या इमारतीस मिळाले.

पुण्यात हडपसर येथील सुझलॉन कंपनीचे 'वन अर्थ' हे आवार मराठी वाचकांस पाहण्यास सोयीचे. वास्तुकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते आखले आणि त्यास लीडचे प्लॅटिनम व गृहचे पाच तारे, अशी दोन्ही मानांकने मिळाली. इमारती मुद्दाम ठेंगण्या व पसरट ठेवून मध्ये चौक सोडले आहेत, त्यामुळे बहुतेक मेजांपर्यंत दिवसाचा उजेड पोहोचतो. वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे त्यास ही युक्ती परकी वाटणार नाही.

या सर्व पद्धती परीक्षेसारख्या आहेत. जागेची निवड, पाणी, ऊर्जा, साहित्य, आतील हवा असे विषय, प्रत्येकास गुण, बेरजेवरून श्रेणी. लीडच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण असून ४० गुणांस साधे प्रमाणपत्र, ५० ला रजत, ६० ला सुवर्ण व ८० ला प्लॅटिनम अशी वाटणी आहे. ऊर्जेच्या विषयास ३३ गुण आहेत. काही गोष्टी अनिवार्य आहेत हे खरे; परंतु त्या पुऱ्या केल्यावर उरलेले गुण कोणत्या विषयात मिळवावयाचे हे उमेदवाराच्या हाती राहते. सायकली ठेवण्याच्या सोयीचाही एक गुण आहे. म्हणून दोन इमारतींस 'सुवर्ण' मिळाले तरी एकीने पाणी वाचविलेले असते व दुसरीने वीज. बेरीज हे सांगत नाही. गुणपत्रिका मागून घेतल्याशिवाय केवळ श्रेणीवरून काही ठरविणे व्यर्थ होय.

याहून खोल दोष दुसराच आहे. नव्या इमारतीच्या मानांकनात ऊर्जेचे गुण बहुधा संगणकावरील प्रतिकृतीवरून दिले जातात. प्रतिकृतीत माणसे ठरल्या वेळी दिवे मालवितात आणि वातानुकूलनाचा आकडा २४ वर ठेवितात. प्रत्यक्षात काय होते? अमेरिकेत २००८ साली लीड मानांकित १२१ इमारतींच्या वीज-इंधनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला व त्या राष्ट्रीय सरासरीहून २५ ते ३० टक्के सरस असल्याचे सांगण्यात आले. पुढल्याच वर्षी ओबर्लिन महाविद्यालयातील भौतिकीचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. मोठ्या इमारतींस त्यांच्या क्षेत्रफळाप्रमाणे वजन देऊन सरासरी काढली असता ही बचत जवळजवळ नाहीशी होते, असे त्यांनी दाखविले. आकडे तेच, सरासरी काढण्याची रीत वेगळी. आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ साली मानांकित इमारतींच्या प्रत्यक्ष वीजवापराविषयी अशीच शंका मांडली. या आक्षेपांमुळे मानांकन खोटे ठरत नाही. ते भाकीत आहे, मोजणी नव्हे, इतकेच त्यांवरून ठरते.

मोजणी करणारी एक पद्धत आपल्याच देशात आहे, आणि तिचा बोलबाला सर्वांत कमी आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली इमारतींसाठी तारांकन सुरू केले. त्यात संगणकाची प्रतिकृती नाही. वर्षभरात प्रत्यक्ष वापरलेल्या विजेच्या युनिटांना बांधीव क्षेत्राच्या चौरस मीटरांनी भागावयाचे, की झाला ऊर्जा-कार्यमान निर्देशांक. मिश्र हवामानातील दिवसा चालणाऱ्या व निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयांसाठी मूळ योजनेत असे टप्पे ठरविले गेले : १९० ते १६५ असल्यास एक तारा, ११५ ते ९० असल्यास चार, ९० च्या खाली पाच. निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असेल तर ८० ते ७० ला एक तारा व ४० च्या खाली पाच. बिल हाच पुरावा.

पैसा

बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी 'मानांकनाचा खर्च' या शब्दांत तीन वेगवेगळे खर्च एकत्र कोंबलेले आहेत हे ध्यानात घ्यावयास हवे. पहिला, मानांकन देणाऱ्या संस्थेचे नोंदणी व परीक्षणाचे शुल्क. ते बहुधा बांधीव क्षेत्रानुसार आकारतात. दुसरा, सल्लागाराचा मोबदला, संगणकीय प्रतिकृती, यंत्रणा बसविल्यावरची तपासणी आणि कागदपत्रांची जुळवाजुळव. तिसरा, प्रत्यक्ष इमारतीत घातलेल्या चांगल्या काचा, छताचे आच्छादन, पाण्याचे पुनर्वापर-संयंत्र इत्यादींचा. तिसरा खर्च इमारतीत राहतो. पहिले दोन कागदावर जातात. लहान इमारतीस हे पहिले दोन फार जड होतात, कारण फाईल तयार करण्याचे श्रम क्षेत्रफळाबरोबर त्या प्रमाणात घटत नाहीत. ही अडचण जाणून गृहच्या चालकांनी २,५०० चौरस मीटरहून लहान इमारतींसाठी 'स्वगृह' नावाची चौदा निकषांची सुटसुटीत पद्धत काढली. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची 'एज' ही पद्धतही सोपी आहे : ऊर्जा, पाणी आणि साहित्यातील ऊर्जा, या तिहींत निदान २० टक्के बचत दाखवावी. तिचे गणन-साधन संगणकावर कोणासही विनामूल्य वापरता येते.

तिसऱ्या खर्चाविषयी जे आकडे भारतीय परिषदेच्या वर्तुळातून प्रसिद्ध झाले ते मोठे बोलके आहेत. हैदराबादच्या पहिल्या इमारतीस नेहमीच्या बांधकामापेक्षा १८ टक्के जादा खर्च आला व तो सात वर्षांत भरून येईल असे सांगितले गेले. पाठोपाठ गुरगाव येथील आयटीसीच्या हरित केंद्रास १५ टक्के व सहा वर्षे. तेथेच विप्रोच्या इमारतीस ८ टक्के व पाच वर्षे. तिन्हींस प्लॅटिनमच मिळाले. दोन-तीन वर्षांत जादा खर्च निम्म्याहून खाली आला याचे कारण सरळ आहे. पहिलीला जे साहित्य दुरून शोधून आणावे लागले ते पुढे बाजारात मिळू लागले, आणि वास्तुकारांनाही सराव झाला. अमेरिकेत ग्रेगरी कॅट्स यांनी २००३ साली ३३ इमारती तपासून हा जादा खर्च सरासरी दोन टक्क्यांच्याही किंचित खाली असल्याचे लिहिले. वीस वर्षांत त्याच्या दसपट लाभ होतो, असेही त्यांचे म्हणणे होते. हे दुसरे विधान मात्र जपून घ्यावे. त्या लाभाचा मोठा वाटा विजेच्या बचतीचा नसून कर्मचाऱ्यांचे आरोग्य व कार्यक्षमता वाढल्याच्या अंदाजाचा आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. एका शाळेस १,००० चौरस मीटरची इमारत बांधावयाची आहे. खर्च अडीच कोटी रुपये धरू. विजेचा दर युनिटला आठ रुपये. शाळेत वातानुकूलन नाही, पंखे व दिवे आहेत. साध्या बांधणीत निर्देशांक ४० राहिला असता, हरित बांधणीत तो ३० वर आला. वर्षास वाचले १०,००० युनिट, म्हणजे ८०,००० रुपये. जादा खर्च दोन टक्के, म्हणजे पाच लाख असेल तर तो सव्वासहा वर्षांत भरून येतो. आठ टक्के, म्हणजे वीस लाख असेल तर पंचवीस वर्षे लागतात. शेजारी तेवढेच वातानुकूलित कार्यालय आहे असे समजा. त्याचा निर्देशांक १९० वरून ११५ वर आला. वाचले ७५,००० युनिट, सहा लाख रुपये. वीस लाखांचा खर्च साडेतीन वर्षांच्या आत वसूल.

या उदाहरणात एक अडचणीची गोष्ट उघडी पडते. हरित खर्च त्यालाच लवकर परत मिळतो ज्याची उधळपट्टी मुळात मोठी होती. शाळा कार्यालयाच्या चौथ्या हिश्शाइतकीही वीज वापरीत नाही, तरी हिशेबात तिचा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. छताखाली बसलेल्या मुलांना मे-जूनमध्ये जो आराम वाटेल, तो कोणत्याच बिलात दिसत नाही. म्हणून अशा शाळेने चार पैसे असतील तर ते आधी छताच्या आच्छादनावर, पश्चिमेच्या सावलीवर व पावसाच्या पाण्यावर खर्च करावेत, आणि उरले तर फलकाचा विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मानांकनामुळे देखरेख शिस्तीची राहते व कंत्राटदारास पळवाटा राहत नाहीत, हा तज्ज्ञांचा प्रतिवाद आहे. त्यात तथ्य आहे, आणि मोठ्या सरकारी बांधकामांत तर तो विशेष लागू पडतो.

महाराष्ट्रात हा हिशेब सरकारने आपल्या हाताने बदलला आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने गृह मानांकन घेणाऱ्या विकासकास परवानगीच्या अधिमूल्यात व रहिवाशांस मालमत्ता करात सवलत देऊ केली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे तीन, पाच व सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे हरित बांधल्याबद्दलचे बक्षीस अधिक बांधण्याची मुभा, हे आहे. यातील विसंगती वाचकाच्या लक्षात येईलच; पण जमिनीचा भाव चढा असलेल्या शहरात दुसरे कोणतेही बक्षीस इतके परिणामकारक ठरले नसते, हेही मान्य करावे लागते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. जेथे अशी सवलत आहे तेथे पहिले दोन खर्च विकासकास जादा चटईक्षेत्रातून परत मिळतात. जेथे नाही तेथे ते सदनिकेच्या किमतीत मिसळतात व विकत घेणारा ते देतो. विजेची बचत मात्र दोन्हीकडे राहणाऱ्याच्याच बिलात उतरते, उतरली तर.

जुना बंगला आणि नवी इमारत

पुढल्या भेटीत बाईंनी बारा महिन्यांची बिले काढून ठेविली होती. बंगल्याचे बांधीव क्षेत्र ३१० चौरस मीटर; वर्षाचा वापर ६,२०० युनिट. भागाकार बरोबर २०. वर दिलेले टप्पे कार्यालयांचे असल्याने ते घरास लावता येत नाहीत, तरी हा आकडा लहान आहे यात शंका नाही. बाई प्रसन्न झाल्या. त्या तेथेच थांबल्या असत्या तर बरे वाटले असते. पण गणित तेथे थांबत नाही. त्या बंगल्यात दोन माणसे राहतात. दरडोई वापर ३,१०० युनिट. नव्या इमारतीतील ८० चौरस मीटरच्या सदनिकेचा निर्देशांक ५० धरला, म्हणजे बंगल्याच्या अडीचपट, तरी वर्षाचे युनिट होतात ४,०००, आणि कुटुंब चौघांचे असेल तर दरडोई १,०००. चौरस मीटरने भागले की बंगला जिंकतो. माणसांनी भागले की सदनिका. मोठ्या घरास त्याचा रिकामा भागच गुणकारी ठरतो. शिवाय जेथे दोन माणसे राहत होती तेथे वीस-पंचवीस कुटुंबे राहू लागली तर शहर शेतांवर पसरण्याचे तेवढे टळते. मानांकनाच्या पद्धती वस्तीच्या दाटीस गुण देतात ते याच कारणाने.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. बंगल्याच्या विटा भाजण्यास लागलेले इंधन शतकापूर्वीच जळून गेले. तो पाडला की ते वाया जाते, आणि नव्या इमारतीच्या सिमेंट-पोलादासाठी नवे इंधन जाळावे लागते. सिमेंटच्या निर्मितीत चुनखडी तापविताना तिच्यातूनच कर्बवायू बाहेर पडतो, म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो भाग टळत नाही. साहित्यातील ही ऊर्जा विजेच्या वार्षिक बिलात कधीच येत नाही. लीडसारख्या पद्धतीत जुन्या इमारतीचा सांगाडा राखून वापरल्यास गुण मिळतात. बंगला राखून त्याच्या मागील मोकळ्या जागेत बेताची नवी इमारत उभारण्याचा पर्याय त्यामुळे अगदीच अव्यवहार्य नाही. बाईंनी तो विकासकास विचारला आहे. त्याबरोबरच, त्याने याआधी बांधलेल्या एखाद्या मानांकित इमारतीची गेल्या वर्षाची वीजबिले व तिची गुणपत्रिकाही मागितली आहे. हे लिहिते वेळी त्यांपैकी गुणपत्रिका आली आहे.

शाळेत करावयाचा अभ्यास

आपल्या शाळेचा ऊर्जा-कार्यमान निर्देशांक काढावा. लागोपाठच्या बारा महिन्यांची वीजबिले कार्यालयातून मिळवून त्यांतील युनिटांची बेरीज करावी. रुपयांची नव्हे, कारण त्यांत स्थिर आकार व कर मिसळलेले असतात. प्रत्येक मजल्याची लांबी-रुंदी बाहेरून मोजून क्षेत्रांची बेरीज करावी. पहिलीस दुसरीने भागावे. मग विद्यार्थी व शिक्षक यांच्या एकूण संख्येनेही भागून पाहावे व दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. छतावर सौर पट्ट्या असतील तर त्यांनी निर्माण केलेली वीज मिळवून ग्रिडला परत दिलेली वीज वजा करावी; निव्वळ मापनाच्या बिलात केवळ फरक दिसतो, वापर दिसत नाही. जनित्र असेल तर त्याचेही युनिट मिळवावेत. मोठ्या जोडणीच्या मीटरवरील वाचनास एका गुणकाने गुणावे लागते. तो बिलावर छापलेला असतो. मीटर स्वतः वाचणारे विद्यार्थी हमखास तेथेच चुकतात.